उजवा सिलिंडर

वाघबीळच्या अलीकडच्या चढावर तिसरा गिअर टाकला आणि आमच्या आरडी 350 मोटारसायकलचा आवाज निम्मा झाला. बंद नाही पडली. आरडीचा तो सलग, कापड फाडल्यासारखा आवाज तुटला, त्याच्या जागी एकेरी फट-फट सुरू झाली आणि टाकी मांड्यांत थरथरायला लागली. मागून ट्रकनं हॉर्न दिला. गाडी कडेला घेतली, स्लोवर चालूच ठेवली आणि खाली उतरून दोन्ही सायलेन्सरच्या मागं तळवे धरले. डाव्या तळव्यावर ठोके पडत होते. उजव्यावर नुसती ओलसर हवा.

उजव्या सिलिंडरचा ठिणगी पाडणारा प्लग काढला. काळा, ओला, पेट्रोल आणि त्याच्याबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलच्या वासाचा. पिशवीतला नवा प्लग लावला, दोन किका मारल्या आणि गाडी दोन्ही सिलिंडरवर उठली. पन्हाळ्यावर जाऊन आलो, पण परतताना केर्लीजवळ पुन्हा तेच. पुन्हा प्लग, पुन्हा ठीक. त्या दिवसापासून साधारण तीन महिने मी शर्टाच्या खिशात चार प्लग घेऊन फिरत होतो आणि प्लगच खराब येतात अशी माझी पक्की खात्री झाली होती.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. राजदूत 350, एस्कॉर्ट्सच्या फरिदाबादच्या कारखान्यात यामाहाच्या परवान्यानं बनलेली, 1985 सालची. यामाहानं हीच आरडी 350 बाहेरच्या देशांत 1973 मध्ये आणली होती. आपल्याकडं ती 1983 मध्ये आली. आमची हाय टॉर्कवाली आहे, 30.5 अश्वशक्तीची, नंतरच्या लो टॉर्कवालीची ताकद 27 वर उतरवली होती. 347 सीसी, टू-स्ट्रोक, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर. कोल्हापुरात तिला राजदूत कुणी म्हणत नाही, आरडीच म्हणतात. आबांनी ती कर्ज काढून घेतली होती आणि आईला मागं बसवून जोतिबाला पहिली फेरी केली होती. आता त्यांचे गुडघे किक मारू देत नाहीत, म्हणून किल्ली माझ्याकडं आहे. ती चालती ठेवणं ही माझ्यासाठी हौसेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

पहिले दोन महिने मी इतरांच्या हातात गाडी दिली. एका गॅरेजात दोन्ही कार्बोरेटर उघडून धुतले, जेट साफ केले, फ्लोटची लेव्हल बघितली. घरापर्यंत झकास. दुसऱ्या दिवशी पंधरा किलोमीटरवर उजवा सिलिंडर मेला. दुसऱ्या ठिकाणी उजव्या बाजूची कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारा भाग, बदलली. तिसऱ्या ठिकाणच्या माणसानं उजव्या सायलेन्सरच्या तोंडाशी जमलेलं काळं तेल बोटावर घेतलं आणि सांगितलं, क्रँकचं सील गेलंय, इंजिन पूर्ण उघडावं लागेल.

हे ऐकून मी घाबरलो, आणि घाबरायला कारण होतं. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो आडवा दांडा. आरडीच्या क्रँकला उजव्या टोकाचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद कप्प्यात, ओढलं जातं, उजवीकडून धुराचे लोट निघतात. डाव्या टोकाचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि शेवटी जाम होतो. म्हणजे सिलिंडर असा मधूनच मरण्याचं कारण हवेची गळती असेल, तर 'चालवून बघू' म्हणत राहणं म्हणजे ब्लॉक-पिस्टनची वाट लावणं. या गाडीचा चांगला पिस्टन आता मागितला आणि मिळाला असं होत नाही. आणि मूळ सुस्थितीत असलेलं इंजिन नुसत्या संशयावर दोन भागांत फोडायचं, हेही मला पटत नव्हतं.

मग शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी हयातभर टू-स्ट्रोकची कामं केली, अशा एका निवृत्त मेस्त्रींकडं गेलो. आबांच्या वेळेपासूनची ओळख. आता दुकान मुलानं घेतलंय, ते दारात खुर्ची टाकून बसतात. मी मामा म्हणतो. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गाडी मरती तवा गरम असती का गार?"

"गरम, मामा. पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावर."

"आणि तू तपासतोस कवा?"

मी गप्प राहिलो. तपासणी प्रत्येक वेळी सकाळी, सावलीत, थंड गाडीवर झाली होती. माझीही आणि त्या तिन्ही गॅरेजांतली.

"गार गाडी खरं सांगत न्हाई," ते म्हणाले. "आणि आता काय बदलू नको. तुज्याकडं जोडीची गाडी हाय. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घाल आणि दुखणं कुठं जातंय ते बघ. एका वक्ताला एकच."

घरी येऊन मी कागदावर दोन रकाने आखले, डावा आणि उजवा. या गाडीत जवळजवळ सगळं दोनदा आहे. दोन कार्बोरेटर, दोन प्लग, दोन कॉइल, ठिणगीच्या वेळी कॉइलचा प्रवाह तोडणारे दोन पॉइंट, त्यांच्या जोडीचे दोन कंडेन्सर. एक सिलिंडरच्या गाडीत बिघडलेला भाग ओळखायला चांगला भाग बाहेरून आणावा लागतो. इथं तो शेजारीच चालू स्थितीत बसलेला असतो.

पण आधी सीलचा प्रश्न मिटवायचा होता, कारण तो मिटल्याशिवाय गाडी मुद्दाम तापवायची हिंमत नव्हती. गिअरबॉक्समधल्या ऑइलची पातळी नोंदवून ठेवली होती, ती दोन आठवड्यांत हलली नव्हती. कॉम्प्रेशन गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून किका मारल्या. डावीकडं 120, उजवीकडं 118 पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड दाब. पिस्टन-रिंगांत तफावत नाही.

मग दाबाची चाचणी. दोन्ही बेंड पाइप काढून एक्झॉस्टची तोंडं जाड रबर आणि पत्र्याच्या पट्टीनं बंद केली. कार्बोरेटर उतरवून दोन्ही इनटेकला, म्हणजे मिश्रण आत जाण्याच्या तोंडांना, 'टी' आकाराचा जोड लावून एकच नळी घेतली. एका बाजूची वेगळी चाचणी घेता येत नाही, कारण आरडीच्या क्रँकमधलं मधलं सील खाचांचं असतं आणि ते एका बाजूचा दाब दुसरीकडं थोडा सोडतंच. दाबासाठी शेजारच्या डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र मागून आणलं. जोडणीला हेच सगळ्यात सोयीचं. रबरी फुग्यानं हवा अलगद भरता येते, काटा बारीक फरक दाखवतो, आणि 300 मिलिमीटर म्हणजे साधारण 5.8 पीएसआय, टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला नेमका हवा तेवढा. कंप्रेसरची हवा इथं कधीही लावू नये, ती सीलच उलथवून टाकते.

300 पर्यंत भरलं, नळीला चिमटा लावला आणि घड्याळ बघत बसलो. आबा खुर्ची ओढून शेजारी बसले. सहा मिनिटांनी काटा 270 च्या आसपास होता. डाव्या टोकाच्या सीलवर, हेडच्या जोडावर, इनटेकच्या रबरांवर साबणाचं पाणी लावलं. एका इनटेकच्या पट्ट्याखाली बारीक फेस आला, पट्टा आवळला, थांबला. सील धडधाकट होती. उजव्या सायलेन्सरमधलं ते काळं तेल गिअरबॉक्सचं नव्हतं. ठिणगी न पडल्यामुळं न जळताच बाहेर गेलेलं पेट्रोल आणि टू-टी होतं. परिणाम बघून कारण ठरवलं गेलं होतं. आबा काही बोलले नाहीत, फक्त डॉक्टरांचं यंत्र स्वतःच्या हातानं पुसून पेटीत ठेवलं.

आता तापवण्याची वेळ. रस्ता ठरलेला: पंचगंगा ओलांडून केर्ली, वाघबीळ आणि परत. सोबत पाने, प्लग, घड्याळ आणि वही.

पहिल्या दिवशी निघण्याआधीच डावा प्लग उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. वाघबीळच्या चढावर उजवाच मेला. म्हणजे प्लग निर्दोष. तीन महिने ज्याला शिव्या घातल्या, तो पहिल्याच फेरीत सुटला.

मग नवा प्लग लावला की गाडी नीट का व्हायची? या प्रश्नानं मला रात्रभर झोप आली नाही, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सापडलं. उजवा मेला, गाडी कडेला लावली आणि कशालाही हात लावला नाही. पानासुद्धा काढला नाही. करवंदाच्या जाळीशेजारी दगडावर बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी दोन किका मारल्या आणि गाडी दोन्ही सिलिंडरवर उठली, त्याच प्लगवर. प्रत्येक वेळी पिशवी सोडणं, तापलेला प्लग हाताला येईपर्यंत थांबणं, पुसणं, दोरे न बिघडवता नवा बसवणं यात एवढाच वेळ जात होता. गाडीला बरं करत होती ती विश्रांती, आणि श्रेय मी प्लगला देत होतो. मोटारसायकलवर काम करणाऱ्यांना मी कळकळीनं सांगेन की दुरुस्ती करण्याआधी एकदा तरी काही न करता थांबून बघा.

म्हणजे गरम झाल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर जगणारी वस्तू शोधायची होती. कार्बोरेटरवरचा संशय मी इथंच जवळजवळ सोडला. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी दम खाते, पिकअप ओढल्यासारखा होतो, चोक ओढला तर क्षणभर सुधारते. आमचा सिलिंडर दिव्याचं बटण दाबावं तसा जात होता, आणि गेल्यावर प्लग ओला मिळत होता. पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं.

पुढची अदलाबदल कॉइलची. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. आरडीच्या क्रँकचे दोन बाहू 180 अंशांवर आहेत, म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा तळाला असतो. प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट स्वतंत्र, तो स्वतःची कॉइल चालवतो. नुसत्या वरच्या जाड प्लगवायरी अदलून लावल्या तर ठिणगी पिस्टन खाली असताना पडेल आणि गाडी सुरूच होणार नाही. म्हणून पॉइंटकडून येणाऱ्या बारीक वायरीही सोबतच बदलायच्या; उजवा पॉइंट, डावी कॉइल, उजवा प्लग अशी साखळी झाली पाहिजे. दोन्ही कॉइल टाकीखाली जवळ जवळ असल्यानं वायरी पुरल्या. तिसऱ्या दिवशी फेरी केली. उजवाच मेला. जुन्या कॉइलमध्ये काही दोष नव्हता. ती फेकली गेली याचं वाईट वाटतं. प्लग कॅपही त्या दिवशी वायरींबरोबर बदलल्या गेल्या होत्या, त्याही सुटल्या.

रकान्यात उरलं ते सगळं डाव्या कव्हरच्या आत. या इंजिनात दोन्ही सिलिंडरचे पॉइंट क्रँकच्या डाव्या टोकाला, एकाच कॅमवर असतात. उजव्या सिलिंडरचं दुखणं गाडीच्या डाव्या अंगाला बसलेलं असू शकतं, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिन्ही गॅरेजांत माणसं उजव्या बाजूलाच वाकली होती.

संध्याकाळी गाडी तापवून आणली, कव्हर काढलं आणि अंगणातला दिवा घालवला. इंजिन स्लोवर. आबांनी टॉर्च धरला होता, त्यांनाही तो बंद करायला सांगितला. अंधारात डावा पॉइंट नीट दिसतसुद्धा नव्हता, मधूनच एखादा निळसर कण. उजवा मात्र सतत फुलबाजीसारखा पांढरा-पिवळा चमकत होता. त्या उजेडात आबांचा चेहरा दिसला. "हेच की," ते म्हणाले.

पॉइंटमध्ये एवढी आग का होते ते सांगतो. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो आणि तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की प्रवाह एकदम तुटायला हवा. तो जितका झटक्यात तुटेल तितकं ते क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्टचा दाब मिळतो. पण वाहता प्रवाह सहजासहजी थांबत नाही, उघडणाऱ्या फटीतून उडी मारायला बघतो. ती उडी स्वतःमध्ये झेलायचं काम कंडेन्सरचं. तो निकामी झाला की पॉइंटच्या फटीत ठिणगी पेटते आणि प्लगला जे मिळायचं ते तिथंच जळून जातं. पॉइंटचं तोंडही खड्डे पडून खराब होतं. माझ्या उजव्या पॉइंटवर एका पात्याला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा झालाच होता.

आमच्या गाडीला पूर्वी कुणीतरी दोन सुटे कंडेन्सर पॉइंटच्या प्लेटलगत पट्टीनं आवळले होते. गाडी थंड झाल्यावर ते काढून मल्टिमीटरवर त्यांची वीज साठवायची क्षमता मोजली. दोन्ही 0.22 मायक्रोफॅरडच्या आसपास. म्हणजे अगदी बरोबर. एखाद्यानं हा आकडा बघून कंडेन्सर पास केला असता, मीही केला असता. पण मामांचं वाक्य डोक्यात होतं. बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि मीटर लावलेलाच ठेवून एकेकाला तापवलं. डावीकडचा चटका बसेल इतका तापला तरी 0.21 वर राहिला. उजवीकडच्याचा आकडा आधी हलायला लागला, मग एकदम शून्याच्या जवळ गेला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं टिचकावलं, आकडा परत आला, पुन्हा गेला. आतलं एखादं टोक सुटलं असावं. गार असताना टेकतं, गरम झाल्यावर उचलतं.

एवढं दिसल्यावरही मी नवीन कंडेन्सर लावला नाही. जोडी उलटी करून बसवली, उजव्याचा डावीकडं. चौथ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. केर्ली मागं पडली, चढ सुरू झाला, तिसरा गिअर टाकला आणि आवाज निम्मा झाला. उतरून तळवे धरले. उजव्या तळव्यावर दणदणीत ठोके. डावीकडं ओलसर हवा. भर रस्त्यात गाडी मरते आहे याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. दुखणं माझ्या हातानं उजवीकडून डावीकडं नेलं होतं. आता संशय नव्हता.

कंडेन्सर बदलणं दहा मिनिटांचं काम. पण मी ते दोन्ही नवे घेतले आणि इंजिनच्या कव्हरातून काढून वर टाकीखाली, कॉइलशेजारी बसवले. तिथं वारा लागतो आणि इंजिनची उष्णता कमी पोचते. वायर लांबवताना जोड सोल्डर केले आणि पट्टीखालचा रंग खरवडून अर्थिंग पक्कं केलं. रंगावर आवळलेला कंडेन्सर नसल्यासारखाच असतो. पॉइंट घासून वापरण्यासारखे राहिले नव्हते, तेही नवे घातले. फिलर गेजनं गॅप 0.35 मिलिमीटर. पॉइंटची गॅप बदलली की ठिणगीचं टायमिंग हलतं, म्हणून मामांकडून डायल गेज आणून प्लगच्या भोकात लावलं आणि पिस्टन वरच्या टोकाच्या 2 मिलिमीटर आधी असताना पॉइंट उघडेल असं आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं जुळवलं. दोन्ही बाजूंना तेवढाच वेळ दिला. अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा या इंजिनाला पिस्टनला भोक पाडण्याइतकी महाग पडू शकते. कॅमवर घासणाऱ्या फेल्टला तेलाचा एकच थेंब, कारण जास्तीचं तेल उडून पॉइंटवरच जातं.

रविवारी पहाटे पन्हाळा गाठला, तीन दरवाज्यापाशी गाडी बंद केली नाही, तशीच वळवून खाली आलो. घाट उतरल्यावर मुद्दाम पुन्हा वळून वाघबीळचा चढ दुसऱ्यांदा चढलो, तिसऱ्यात, पूर्ण तापलेल्या इंजिनावर. आवाज एकदाही तुटला नाही.

तिथून थेट उद्यमनगर. मामा खुर्चीवरून उठले, गाडी बंद करू नको म्हणाले, मागं गेले आणि कमरेत वाकून दोन्ही सायलेन्सरमागं दोन्ही तळवे धरून बराच वेळ उभे राहिले. मी खिशातून तो जुना कंडेन्सर काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि मुलाला हाक मारली, "ह्यो टाकू नको रं. पोरास्नी तापवून दावायचा हाय."